तिसऱ्या चालीची उडी

शेवटच्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागला तेव्हा प्रधानांचं सगळं घर मंगल कार्यालयाच्या मांडवात डबे उघडून बसलं होतं. मनिषाच्या डब्यातली कोथिंबीर वडी कितीही खमंग दिसली तरी हात लावायचा नाही, असं तिच्या मोठ्या जावेने, आभाने, मनाशी पक्कं केलं होतं. गणपतीपासून हे असंच चाललं होतं. आभाच्या नवऱ्याने, सत्यजीतने, यंदा गणपती लाइन आळीतल्या जुन्या घरातून उचलून खांदा कॉलनीतल्या आपल्या नव्या फ्लॅटमध्ये बसवला. "मी विचारलं होतं," असं तो म्हणत होता आणि "दादाने विचारलं नाही, कळवलं," असं त्याचा धाकटा भाऊ, मनिषाचा नवरा इंद्रजीत, म्हणत होता. तेव्हापासून दोन भावांत कामापुरतं आणि दोन जावांत कामापुरतंही बोलणं नव्हतं. आज सगळे एका सतरंजीवर बसले होते ते केवळ बुद्धिबळामुळे, आणि सतरंजीच्या मधोमध भावांचे आईवडील, अण्णा आणि कुमुदताई, बसले होते म्हणून.

सत्यजीतची रेवा धावत आली. तेरा वर्षांची पोर, पण बातमी सांगताना चेहरा अगदी तलाठ्यासारखा.

"टेबल नंबर अकरा. पांढऱ्या सोंगट्या, इंद्रजीत प्रधान. काळ्या, रेवा प्रधान."

अण्णांचा घास हातातच राहिला. कुमुदताईंना मात्र हसू फुटलं.

"अहो, कॉम्प्युटरने जमवलं. आपल्याला सहा महिन्यांत जमलं नाही ते."

हसण्यासारखं खरं तर नव्हतं. इंद्रजीतला या डावात अर्धा गुण हवाच होता. जिंकला तर उत्तम, बरोबरी झाली तरी पुरे, मग त्याचं नाव आंतरराष्ट्रीय रेटिंगच्या यादीत येणार होतं. लग्नाआधीपासून तो या एका गोष्टीच्या मागे होता. बँकेतली बढती त्याने बदली नको म्हणून सोडली आणि बदली का नको तर शनिवार-रविवारच्या स्पर्धा चुकतील म्हणून. दरवेळी थोडक्यात हुकायचं. शेवटी मनिषाने हात टेकले. ही शेवटची स्पर्धा, यानंतर रविवार घरचा, असं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, तेही कुमुदताईंच्या देखत.

रेवाला रेटिंग कधीच मिळालं होतं. तिच्या वाट्याला या स्पर्धेत बक्षीस येणार नव्हतं, हरली तरी बिघडणार नव्हतं. नेमका हाच घोटाळा होता.

"रेवा," सत्यजीत म्हणाला, "काका आहे म्हणून सैल खेळायचं नाही. कळलं?"

"दादा, तिला कशाला सांगतोस?" इंद्रजीतचा आवाज चढला. "मला कुणाची मेहेरबानी नकोय."

"मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"ते माहीत आहे. गणपतीपासून बोलत नाहीयेस."

"गप्प बसा दोघं," अण्णा म्हणाले. "दोघांनाही मी शिकवलंय. पटावर नातं नसतं." असं म्हणून त्यांनी मघाचा घास तोंडात घातला, आणि आपण काहीतरी मोठं बोललो या समाधानात मिरचीही चावली.

*

हॉलमध्ये लग्नाचा मंच तसाच होता. नवरानवरीच्या मखमली कोचावर घड्याळांचं खोकं ठेवलं होतं. पहिली दहा मिनिटं नातेवाइकांना दोरीमागे उभं राहून बघायची परवानगी होती, मग सगळ्यांना बाहेर काढत.

रेवा आली, तिने ओढणी कमरेला खोचली आणि वाकून काकाच्या पाया पडली. प्रधानांच्या घरात डावाआधी धाकट्याने मोठ्याला नमस्कार करायचा, ही रीत.

"यशस्वी हो," इंद्रजीत बोलून गेला.

मग त्याच्या लक्षात आलं की आपण नक्की काय बोललो. शेजारच्या टेबलावरचे कामोठ्याचे एक गृहस्थ गालातल्या गालात हसले. इंद्रजीतने खुर्ची ओढली. समोर रेवा वेणीचं टोक दातात धरून बसली होती, लाइन आळीच्या घरात पलंगावर मांडी ठोकून बसायची तशीच. आजवरच्या एवढ्या स्पर्धांत त्याच्यासमोर कधी घरचं माणूस बसलं नव्हतं. परक्या माणसासमोर त्याचे खांदे जसे ताठ व्हायचे, तसे आज झालेच नाहीत.

"जेवलीस ना नीट?" त्याने विचारलं.

"हो. काकू, वडी मस्त होती," ती दोरीकडे बघून म्हणाली. दोरीमागे आभाने लेकीकडे डोळे वटारून पाहिलं.

घड्याळ सुरू झालं. इंद्रजीतने राजाच्या बाजूचं घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं. रेवाने वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. त्याने आपलं वजिरापुढचं प्यादं एक घर पुढे घेतलं. तिने राजापुढचं दोन घरं. इथवर सगळं ठीक होतं.

आता प्रधानांच्या घरची सुरुवात कशी, ते ज्यांनी या घरात एकदा तरी डाव मांडलाय त्यांना माहीत आहेच. ती 'खिडकी' म्हणून ओळखली जाते. घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे गेलं की त्याच्यामागे एक जागा मोकळी होते, ती खिडकी. आणि मग राजा मूळ जागेवरून घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारून थेट त्या खिडकीत जाऊन बसतो. एकदाच, आणि तोवर त्याला शह मिळाला नसेल तरच. हा जुना देशी खेळाचा नियम कुमुदताईंनी चिरनेरहून, माहेरून आणला. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत त्यांचा राजा असा टुणकन उडाला तेव्हा अण्णा पट उधळून उठले होते. पण नंतर सलग हरत गेले आणि नियम घरचा झाला. बाहेर खेळताना तो विसरायचा, हे घरातलं प्रत्येक पोर शाळेत जायच्या आधी शिकत असे.

इंद्रजीतने राजा उचलला आणि खिडकीत ठेवला. घड्याळाचं बटण दाबलं. शांतपणे चाल लिहिली.

दोरीमागे पाच प्रधानांचा श्वास अडकला.

रेवाने वेणीचं टोक दातातून काढलं, दोन क्षण विचार केला आणि घोडा बाहेर काढला. तिसऱ्या चालीला काका उडी मारतो, हे ती फ्रॉक घालायची तेव्हापासून बघत होती. त्यात लक्ष देण्यासारखं तिला काही दिसलंच नाही.

"अहो," कुमुदताई पुटपुटल्या. "याने उडी मारली."

"दिसलं मला," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

आणि तेवढ्यात प्रितम सरांनी टाळी वाजवली. गव्हाणचा हा तरुण पंच, अकरा नंबरचं टेबल त्याच्याच ओळीत होतं. "चला, नातेवाइकांनी बाहेर. थँक यू. मोबाईल बाहेर. काका, तुम्हीपण."

*

मांडवात कोणी खाली बसलं नाही. डोक्यावरून एक विमान इतक्या खालून गेलं की चहाच्या पिंपावरचं झाकण थरथरलं, तरी कोणी वर पाहिलं नाही.

सत्यजीत आधी बोलला. तळोज्याच्या कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी, त्यामुळे चूक दिसली की त्याचा हात आपोआप शिट्टीकडे जाई.

"पंचांना सांगायला हवं. बघणाऱ्याने खेळाडूंना काही सांगायचं नाही, पण पंचांना सांगता येतं. नियम आहे तसा."

"तुम्ही गप्प बसा," आभा म्हणाली. "पंचांना सांगितलं तर काय होईल?"

"तिसऱ्या चालीपासून डाव परत. आणि ज्या सोंगटीला हात लागलाय ती हलवावी लागणार."

"म्हणजे राजा."

"म्हणजे राजा. आणि त्याला जायला एकच घर आहे, वजिराच्या प्याद्यामागचं. भर चौकात."

"मग भाऊजी हरतील ना!" आभाचा आवाज नको तेवढा मोठा झाला. "एवढी वर्षं झटलेत. एका उडीने कोणाचं काय बिघडलं? रेवाला तरी कुठे कळलंय? कोणी काही सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

मनिषा आतापर्यंत खांबाला टेकून उभी होती. जावेने आपल्या नवऱ्याची बाजू घेतलेली ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. ती उलट भडकली.

"का नाही सांगायचं, वहिनी? रेवा काय परकी आहे? मुलीला फसवून अर्धा गुण आणायचा आणि तो मी घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवायचा?"

"फसवून कसं? चुकून झालं."

"चुकून झालं तेव्हा चूक होती. आपण सगळ्यांनी गिळून टाकलं की ती लबाडी झाली. भाऊजी, तुम्ही जा आणि सांगा."

सत्यजीत गडबडला. मनिषा आपल्या बाजूने बोलेल अशी त्याची तयारीच नव्हती. विरोध करणारं कोणी नसलं की या माणसाचा नियम पातळ होतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी... मी कसा सांगू?"

"आत्ताच तर म्हणालात!"

"अगं, सांगायला हवं असं म्हणालो. मी सांगायला हवं असं नाही." त्याने घाम पुसला. "मी सांगितलं तर जन्मभर इंद्र काय म्हणेल? दादाने आपल्या मुलीसाठी मला बुडवलं. आधी गणपती नेला, मग रेटिंग नेलं."

हे मात्र खरं होतं, आणि सगळ्यांनाच ते पटलं. आभाने पहिल्यांदा मनिषाकडे पाहिलं. "तू सांग मग. बायकोने सांगितलं तर कोण काय म्हणणार?"

"मी? मला स्पर्धा बंद करायच्या होत्या म्हणून मीच काटा काढला, असं होईल ना!"

"तुला खरंच नाही वाटत, त्या बंद व्हाव्यात असं?"

सकाळपर्यंत मनिषाला खरंच वाटत होतं की हा हरला तर बरं, एकदाचं संपेल. आता तो आत बसून आपल्याच घरच्या नियमाने फसलाय, आणि त्याला ते माहीतही नाही. तिला नवऱ्याची इतकी दया आली की तिने आभाचा हात धरला. आभाने तो सोडवून घेतला नाही.

"मी जातो," अण्णा म्हणाले. "सोंगट्या मी हातात दिल्या त्याच्या."

"उडी माझ्या माहेरची," कुमुदताई पदर खोचत म्हणाल्या. "मी सांगते."

"तू थांब. तुला पंचांशी बोलता येणार नाही."

"चिरनेरला माझे बाबा डाव लावायचे तेव्हा दोन-दोन गावं गोळा व्हायची. हा प्रितम तर गव्हाणचा पोरगा. चला, बाजूला व्हा."

दोघं एकमेकांना मागे सारत हॉलच्या दाराशी पोहोचले. दारावर धर्मराज वॉचमन स्टुलावर बसला होता. त्याने पाय आडवा घातला.

"आजी, आत जाता येनार नाय."

"अरे, पंचांना एक शब्द सांगायचाय."

"सरांची आर्डर हाय. खेल संपल्याबिगर कोनाला आत सोडायचा नाय. मघाशी एक बाई पोराला बिस्कीट द्याला गेली, तं सर मलाच बोलले."

"आमच्या मुलाने चुकीची चाल खेळलीय रे!" अण्णा कळवळून म्हणाले.

धर्मराजने त्यांना आपादमस्तक पाहिलं. "बाबा, हितं उभा ऱ्हातो तो परत्येक बाप हेच बोलतो."

*

आत इंद्रजीतचा डाव रंगात आला होता. त्याचे दोन्ही घोडे मोक्याच्या जागी बसले होते, रेवाचा एक उंट अडकून पडला होता आणि राजा खिडकीत निवांत होता. बरोबरी तर हातातच होती. कदाचित त्याहून जास्त. छातीत इतकं भरून आलं होतं की त्याला पाणी प्यावंसं वाटलं. पाणी पिताना तो पटाकडे लांबून बघत होता, तेव्हा कोपऱ्यातला हत्ती नजरेस पडला.

हत्ती आपल्या मूळ घरात होता. राजा त्याच्याशेजारी तिरका. म्हणजे किल्लेकोट झालेला नाही. मग राजा इथे आला कसा?

त्याने चालींचा कागद ओढला. तिसरी ओळ वाचली. पुन्हा वाचली. कानामागून घामाची धार सुटली.

त्याने रेवाकडे पाहिलं. ती अडकलेल्या उंटासाठी जीव तोडून विचार करत होती, कपाळाला आठी, ओठ पुढे. तिला पत्ता नव्हता. दोन ओळी पलीकडे असलेल्या प्रितम सरांनाही नव्हता. अजून थोडी अदलाबदल झाली, हत्ती हलला, की पटावरून कोणाला काही ओळखता येणार नव्हतं. यादीत नाव येईल. खाली बारीक अक्षरात 'राजाने उडी मारली' असं कोणी छापत नाही.

याच पोरीला त्याने शिकवलं होतं. ती चार वर्षांची असताना चोरून प्यादं मागे घ्यायची आणि तो म्हणायचा, हात लागला की चाल, रेवाबाई, रडून उपयोग नाही. ती रडायची आणि प्यादं तिथेच ठेवायची.

त्याला फार वाईट वाटलं. असं वाईट त्याला कुठल्याही हरण्याने वाटलं नव्हतं. त्याने घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

दाराच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या कुमुदताईंनी तो हात पाहिला. त्यांनी अण्णांचं मनगट घट्ट धरलं.

"अहो, आपल्याला जायची गरज नाही," त्या म्हणाल्या.

आत प्रितम सरांनी कागद दोनदा तपासला. "सर, ही चाल तुम्ही स्वतः दाखवताय?"

"हो."

"समोरच्याने हरकत घेतली नव्हती?"

"काका, पण तिसऱ्या चालीला तर आपण नेहमी..." रेवा बोलली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हे घर नाही, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिचे डोळे वाटीएवढे झाले.

सोंगट्या उचलून पुन्हा तिसऱ्या चालीपाशी मांडल्या गेल्या. रेवाला घड्याळात दोन मिनिटं जादा मिळाली. मोक्याचे घोडे आपापल्या तबेल्यात परतले. इंद्रजीतने राजा उचलला आणि वजिराच्या प्याद्यामागे भर चौकात नेऊन ठेवला. कामोठ्याच्या गृहस्थांनी ते पाहिलं आणि आपला डाव सोडून क्षणभर डोळे मिटले.

*

निकाल लागायला संध्याकाळ झाली. आधी रेवा बाहेर आली. ती हुंदके देत होती.

"हरलीस?" सत्यजीत पुढे झाला.

"जिंकले!" असं ओरडून ती आजीच्या कुशीत शिरली आणि आणखी मोठ्याने रडायला लागली. "काकाने स्वतः सांगितलं. मग मी बरोबरी विचारणार होते, तर त्याने डोळे वटारले. म्हणून मी खेळले. तो राजाला चालत नेत होता खिडकीकडे, एकेक घर. एकच पाऊल राहिलं होतं आजी, आणि मला मात दिसली."

"मग दिलीस ना?"

"दिली."

"शहाणी माझी." कुमुदताईंनी तिचं नाक पदराने पुसलं.

इंद्रजीत मागून आला. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते नीट बसत नव्हतं. सत्यजीत पुढे झाला, भावाच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"चांगली मात होती," इंद्रजीत म्हणाला. "घोड्याने दिली. मला तर दिसलीच नव्हती."

"पुढचा गणपती लाइन आळीत," सत्यजीत एकदम म्हणाला. मग स्वतःच बावरून बायकोकडे पाहू लागला. आभाने मान हलवली आणि मनिषाच्या डब्यातली उरलेली वडी तोंडात टाकली, म्हणजे त्यावर आणखी बोलावं लागू नये.

"आजपासून आपल्या घरात राजाची उडी बंद," अण्णा जाहीर करत म्हणाले. "माझ्या लाडाने मुलगा बुडाला."

"छे!" इंद्रजीत कडाडला. सगळे दचकले. "अण्णा, घरात उडी राहील. मी उद्याच मारणार आहे."

"मनिषा कुठे गेली?" कुमुदताईंनी विचारलं.

मनिषा दाराशी उभी होती. धर्मराजने आता पाय काढून घेतला होता आणि ती प्रितम सरांशी बोलत होती. परत आली तेव्हा तिने पर्समध्ये काहीतरी शोधण्याचा बहाणा केला.

"पुढच्या महिन्यात पेणला आहे म्हणे," ती पर्समध्ये बघतच म्हणाली. "तुमचं नाव देऊन आले."

"अगं, पण आपलं ठरलं होतं ना? ही शेवटची."

"मी ठरवलं होतं. मीच मोडलं. नवरा रविवारी घरी बसून भिंतीकडे बघत राहणार असेल, तर तो रविवार मला नकोय." मग तिने वर पाहिलं. "आणि कोणी बघत नसताना हात वर करणाऱ्या माणसाला एकदा तरी ते रेटिंग मिळायला हवं. मला तसं वाटतं."

दिवसभर न रडलेला इंद्रजीत आता मात्र तिथेच, चहाच्या पिंपाशेजारी, डोळ्यांवर हात घेऊन उभा राहिला. सत्यजीतने घाईघाईने चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि स्वतःचं तोंड दुसरीकडे फिरवलं.

रेवा आजीच्या कुशीतून बाहेर आली. तिने डोळे पुसले, ओढणी पुन्हा कमरेला खोचली आणि काकाची बाही ओढली.

"काका, पेणला मीपण आहे. आणि या वेळी पाया पडले की 'यशस्वी हो' म्हणू नकोस हं."

"मग काय म्हणू?"

रेवाने क्षणभर विचार केला.

"'जेवलीस का' एवढंच विचार."